साळिंदर 'जातो' म्हणाला

एका बेटावर, बाळांनो, फार चांगल्या वळणाचे प्राणी राहत होते. निरोप घेताना ते कधी 'जातो' म्हणत नसत. 'येतो' म्हणत. आपल्याकडेही तसंच म्हणतात, हे तुम्हांला ठाऊक आहे. साळिंदराला मात्र ठाऊक नव्हतं.

साळिंदर बायकोला घेऊन नुकताच बेटावर राहायला आला होता. तो समुद्रापलीकडच्या रानातला. तिकडे 'येतो' म्हणणारा येई, आणि जाणारा न सांगताच जाई.

समुद्र जवळून दिसावा म्हणून त्यानं वाळूत, अगदी पाण्यालगत झोपडी बांधली.

म्हातारं कासव भेटायला आलं. म्हणालं, "जागा झकास आहे. पण पुनवेच्या उधाणाला इथं पाणी भरतं. झोपडी उचलून वर माडांत न्या."

"आम्हा दोघांना कशी उचलवणार, मामा?"

"मग आम्ही काय परके आहोत? बरं, येतो!"

साळिंदर हरखला. मदतीला येणाऱ्यांसाठी त्यानं बायकोला टोपभर रताळी उकडायला लावली. कुणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी रानडुक्कर डोकावलं. उधाणाबद्दल पुष्कळ हळहळलं आणि "येतो हं, साळिंदरराव!" म्हणून निघालं.

पुन्हा टोपभर रताळी.

"अहो, हे येतात तरी कधी?" बायको म्हणाली. "मला आता रताळ्यांचा वासही नकोसा झालाय."

पुनवेचा दिवस उजाडला. एक लाट उंबरा चाटून गेली. समोरून वानरीण चालली होती. साळिंदरानं तिला थांबवून सगळी हकिगत सांगितली.

ती पोट धरून हसली. "अगंबाई! 'येतो' म्हणजे निघालो, भावोजी!"

"मग खरंच येणार असेल तर काय म्हणतात?"

वानरिणीनं बराच वेळ डोकं खाजवलं. "तसं कुणी कधी म्हटलेलं आठवत नाही बाई. बरं, येते!"

साळिंदरानं गाठोडं बांधलं. निदान सांगून निघावं, म्हणून तो माडाखाली गेला. तिथं सगळे गप्पा छाटत बसले होते.

"मंडळी," तो म्हणाला, "मी जातो."

सगळे गार पडले. कासवाची मान आत गेली.

"शिव शिव! असं अभद्र बोलू नये!" रानडुक्कर ओरडलं. "काय होतंय तुम्हांला? छातीत कळ येतेय?"

"नाही हो. दारात पाणी आलंय. म्हणून जातो. बायकोही जाते."

"अरे, गप्प करा त्याला कुणीतरी!" कासव आतूनच किंचाळलं. "आधी ती झोपडी हलवा!"

सगळे धावत सुटले. मोठी लाट यायच्या आत झोपडी माडांत उभी होती.

"साळिंदरराव," कासव धापा टाकत म्हणालं, "बेटावर राहायचं तर इथल्या रीती शिका जरा."

"शिकलो, मामा," साळिंदर नम्रपणे म्हणाला.

पुढच्या महिन्यात त्याला विहीर खणायची होती. तो माडाखाली जाऊन खाकरला.

"मंडळी, मी जा..."

रानडुकरानं कुदळ उचललीसुद्धा होती.

तात्पर्य: नव्या ठिकाणी राहायला गेल्यावर तिथले शिष्टाचार बारकाईनं शिकून घ्यावेत. त्याशिवाय नेमका कोणता मोडायचा, ते कळत नाही.