मास्तरांचा उजवा पाय

राऊंड सुरू झाला आणि सुसाट मेला.

म्हणजे खेळातला सुसाट. खरा सुसाट आपल्या होणाऱ्या सासऱ्यांच्या शेजारी, त्यांच्याच जेवणाच्या टेबलाशी, कानाला हेडफोन लावून जिवंत बसला होता. पण त्याचा चेहरा असा झाला होता की कोणीही म्हणालं असतं, ह्याच्यापेक्षा तो मेलेला बरा दिसतोय.

"गेला?" सासऱ्यांनी स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं.

"गेला," त्यांची मुलगी म्हणाली.

"पुन्हा एकटाच?"

"पुन्हा एकटाच, बाबा."

हे सासरे म्हणजे गाडी शिकवणारे मास्तर. अर्ध्या शहराला त्यांनी क्लच सोडायला शिकवला होता. शिकवणीच्या गाडीत त्यांच्याही पायाशी एक जादा ब्रेक असायचा, आणि तो ते वेळेवर दाबायचे म्हणून शहरातल्या कितीतरी भिंती अजून उभ्या होत्या. आणि अशा ह्या मास्तरांना, सांगून पटणार नाही, बंदुकांच्या ऑनलाइन खेळाचं वेड! मुलीकडून शिकले आणि मुलीच्याच पुढे गेले. मग काय, घरातल्या घरात टीम उभी केली. कप्तान स्वतः, शिवाय बायको म्हणजे काकू, मुलगी, आणि मेहुणा म्हणजे मामा. पाचवी जागा रिकामी होती, आणि नेमका तेव्हाच सुसाट लग्नाचं विचारायला आला.

मास्तरांनी ना पगार विचारला, ना घर कोणाच्या नावावर ते. एवढंच म्हणाले, "माणूस टीममध्ये जसा खेळतो ना, तसाच संसारात वागतो. ही स्पर्धा होईपर्यंत आमच्यात खेळ. मग बोलू."

झालं! सुसाट कुरिअरवाला. लोक दार उघडेपर्यंत हा पार्सल ठेवून जिना उतरलेला असायचा, सुसाट हे नाव उगाच नव्हतं पडलं. अशा माणसाला मास्तरांचा नियम काय, तर कुठल्याही दारातून जायच्या आधी कप्तान विचारणार, "सगळे आहेत का?" चौघांनी एकेक करून "आहे" म्हटल्याशिवाय कोणी पाऊल टाकायचं नाही.

"आणि दिसेल ते लगेच सांगायचं," मास्तर मेहुण्याकडे बघून म्हणायचे. कारण मामा सांगायचे, पण सावकाश. "उजवीकडून एक येतोय बरं का... आला... हां, मला मारलं त्यानं."

सुसाटला हे सगळं समजत होतं. पण समोर उघडं दार दिसलं की त्याची बोटं त्याचं ऐकायचीच नाहीत. तो पळायचा, मास्तर "हळू! हळू!" ओरडायचे, सुसाट मरायचा, आणि उरलेले चौघे पाचांशी लढून हरायचे. त्यात भर म्हणजे दोन वेळा ऐन रंगात आलेल्या सामन्यात सुसाट पळाला आणि त्याच क्षणी लाइट गेली! सगळे कॉम्प्युटर बंद.

"पोराचा पायगुण काही बरा दिसत नाही," मामा हळूच म्हणाले.

मास्तरांनी दोन्ही वेळा वीज कंपनीत तक्रार केली. वायरमन दोन्ही वेळा खांबावर चढला, आणि "सगळं नीट आहे, साहेब" म्हणत खाली उतरला. शेवटी सुसाट आपला लॅपटॉपच घेऊन यायला लागला. बॅटरी भरलेली, लाइट जावो नाहीतर राहो.

तर आज अंतिम सामना. भर दुपार. समोर व्यायामशाळेतली पाच धटिंगण पोरं. दोघांचे राऊंड सारखे झालेले, आता एकच उरलेला. नियम सोपा होता. समोरच्यांनी गोदामात घुसून बॉम्ब लावायचा, आणि ह्यांनी वेळ संपेपर्यंत तो लावू द्यायचा नाही.

"ऐक," मास्तर सुसाटला म्हणाले. "ह्या राऊंडला एकटा पुढे जाऊन मेलास, तर लग्नाचं विसर."

मुलीनं दातांतल्या दातांत विचारलं, "ऐकलंस ना रे?"

सुसाटनं नुसती मान हलवली. गोदामात खोक्यांच्या मागे तो असा बसला, की मास्तर दोनदा वळून बघून गेले, हा झोपला की काय! बाकी चौघे दाराशी. सगळीकडे शांत. कोणीच येत नव्हतं.

आणि मग जे झालं ते कोणाच्या स्वप्नातसुद्धा आलं नसतं. काकू पळाल्या!

"अगं! अगं कुठे चाललीस?" मास्तर किंचाळले.

"बघून येते ना काय करतायत ती! एवढी वर्षं तुमच्या मागून चालले, आज जरा पुढे जाते!"

"थांब! हळू! हळू!"

आणि फट्! चार स्क्रीन काळ्या.

"लाइट!" मास्तर ओरडले. "सुसाट, काय केलंस?"

"मी? मी हललोसुद्धा नाही हो काका!"

"पायगुण," मामा म्हणाले.

पण सुसाटचा लॅपटॉप चालू होता, आणि इंटरनेटचा डबा आतल्या खोलीत, तोही चालू. सगळे खुर्च्यांवरूनच त्याच्या स्क्रीनवर वाकले. ह्या खेळात कोणाचा कॉम्प्युटर बंद पडला तरी त्याचा माणूस आहे तिथेच पुतळ्यासारखा उभा राहतो. त्यामुळे दारात आता चार पुतळे. सगळ्यात पुढे काकू, एक पाय हवेत.

तेवढ्यात ती पाच पोरं आली. दारात चौघं ताठ उभी, ना हलतायत, ना गोळी झाडतायत! पोरं जागीच थबकली आणि सगळी मागे पळाली. स्क्रीनच्या कोपऱ्यात त्यांचा निरोप उमटला, 'मास्तर, हा कुठला नवीन डाव?'

"सापळा वाटतोय त्यांना!" मुलगी कुजबुजली.

पोरं डोकावायची, पुतळे बघायची, पाठ फिरवून परत भिंतीकडे पळायची. वेळ थोडाच उरला होता, पण पोरं आता कधीही आत घुसतील म्हणून मास्तरांना घाम फुटला.

"सुसाट, आता जा! पाठमोरे आहेत ते. मागून जा, पळ!"

आणि सुसाट काय म्हणाला माहितीये?

"काका, सगळे नाहीयेत."

"काय?"

"सगळे आहेत म्हटल्याशिवाय दारातून जायचं नाही. तुमचाच नियम."

"अरे गाढवा, नियम गेला खड्ड्यात! पळ!"

"जाऊ नकोस!" मुलगी ओरडली.

सुसाटची बोटं बटणांवर गेली. समोर उघडं दार, पाच पाठी, आणि चक्क कप्तान म्हणतोय पळ! पण त्यानं बोटं उचलून सरळ स्वतःच्या मांडीखाली दाबून धरली. तिकडे पोरांनी शेवटी हिंमत केली, चारही पुतळे पाडले आणि आत घुसली. बॉम्ब खाली ठेवायला वाकली, आणि घंटा! वेळ संपला!

एक गोळी न झाडता जिंकले!

काकूंनी तोंडावर हात ठेवला. मामांनी विचारलं, "म्हणजे आपण... जिंकलो की ते?"

आणि मुलीनं वर बघितलं.

"बाबा, लाइट गेलीये ना?"

"गेलीच आहे की."

"मग पंखा कसा फिरतोय?"

सगळ्यांनी वर बघितलं. पंखा गरगर फिरत होता. मग हळूहळू, एकेक करत, सगळे टेबलाखाली वाकले.

टेबलाखाली चारही कॉम्प्युटरच्या वायरी एका एक्स्टेंशन बोर्डात होत्या. बोर्डाला लाल स्विच. आणि स्विचवर, अजूनही, जीव खाऊन दाबलेला मास्तरांचा उजवा पाय.

"अहो!" काकू म्हणाल्या. "त्या बिचाऱ्या वायरमनला दोनदा खांबावर चढवलंत!"

"सवय आहे गं," मास्तर पुटपुटले. "समोरचा पळाला की पाय आपोआप..."

"पायगुण खराच होता," मामा म्हणाले. "फक्त पाय दुसऱ्याचा निघाला." आणि त्यांनी वाकून स्विच चालू केला.

"आता लायसन्स कोणाचं रद्द करायचं?" काकूंनी विचारलं.

मास्तरांनी खाकरून घसा साफ केला. चारही स्क्रीन पुन्हा उजळत होत्या, आणि त्या उजेडात त्यांचे कान लालभडक दिसत होते.

"तर सुसाट... लग्नाचं म्हणत होतास. पुढच्या महिन्यात उरकून टाकायचं का?"

सुसाट खुर्चीत मागे रेलला. आयुष्यात पहिल्यांदाच तो इतक्या सावकाश बोलला.

"घाई कशाला, काका? आधी सगळे आहेत का ते बघू."

टेबलाखाली त्याच्या पायावर कचकन एक पाय पडला. तो मास्तरांचा नव्हता, आणि ब्रेक तर मुळीच नव्हता.

"उद्याच!" सुसाट किंचाळत उठला. "उद्याच करू, काका! आत्ता करू!"

"हळू! हळू!" मास्तर ओरडले.

आणि फट्! चारही स्क्रीन पुन्हा काळ्या.

पंखा मात्र फिरत होता.