जिनिव्हासाठी शिवलेला कोट

एकोणीसशे चौऱ्याण्णवच्या ऑक्टोबरात, अंगाची काहिली होत असताना, बारामतीत लोकरीचा कोट शिवून घेणारा मी एकटाच. शिंपी म्हणाला, "सर, लगीन कुणाचं?"

"लग्न नाही. जिनिव्हाला चाललोय," मी जरा मोठ्यानेच सांगितलं.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. स्वित्झर्लंडचे डॉक्टर मायर म्हणजे गवताळ माळांचे जगन्मान्य तज्ज्ञ. त्यांच्या आंतरराष्ट्रीय समितीला इकडचा एक माणूस हवा होता. बारामतीजवळच्या कळस गावचा माळ पसंत पडला, की ते मला जिनिव्हाच्या परिषदेला नेणार होते. आणि न पडायला काय झालं? लांडगे, चिंकारा, गुडघाभर कुसळी गवत, आणि औषधालासुद्धा झाड नाही!

सरपंच कुंडलिकरावांना मी एवढंच कळवलं होतं, "निसर्ग वाचवणारे मोठे पाहुणे येतायत. माळाकडं जरा लक्ष असू द्या."

मी नवा कोट घालूनच निघालो. जीपमध्ये मायरसाहेब कळवळून सांगत होते, "आम्ही तज्ज्ञांनी जगभर एकच चूक केली. मोकळा माळ दिसला की झाडं लावली. गवत मेलं आणि त्यावर जगणारं सगळं गेलं. तुमच्या माळावर झाड नाही, म्हणून तर आलो."

माळावर पोचलो. मांडव, हलगी, आणि नजर जाईल तिथवर गुलमोहराची रोपं. प्रत्येकाला चुना लावलेल्या विटांचं आळं.

"कसं वाटतंय, सर?" कुंडलिकरावांची छाती फुगली होती. "पाव्हण्याला दिसू द्या, कळस निसर्गात मागं न्हाय."

मायरसाहेब तांबडेलाल होऊन इंग्रजीत ओरडले, "हे आत्ताच्या आत्ता उपटा!"

"पाहुण्यांना भरून आलंय," मी मराठी केलं. टाळ्या पडल्या.

"ही रोपं इथं असेपर्यंत मला झोप लागणार नाही!"

"रोपांच्या काळजीनं त्यांना झोप यायची नाही म्हणतात." आणखी टाळ्या.

गावाला आपलं पटलं, असा साहेबांचा समज झाला. ते वाकले आणि जवळचं रोप त्यांनी मुळासकट उपटलं. हलगी थांबली.

"सर, पाव्हणं उपटाय लागलं की," कुंडलिकराव म्हणाले.

"त्यांच्याकडं आधी मुळं तपासतात," मी ठोकून दिलं.

झालं. आमची मुळं काय कमी आहेत, म्हणून सगळा गाव रोपं उपटून साहेबांना मुळं दाखवायला लागला. तेवढ्यात पलीकडं चरणाऱ्या, गावातल्या आक्काबाईच्या शेळ्यांना वास लागला. कळपच्या कळप मांडवात घुसला आणि उपटलेली रोपं कडाकडा खाऊ लागला. मी कोट काढून त्यांना हाकलायला धावलो. एकीने त्याची बाहीच तोंडात धरली.

आक्काबाई धापा टाकत आली. "सायेब, माफी करा. माजं ध्यान न्हवतं."

ती काय म्हणते ते मी या वेळी खरं खरं सांगितलं. काही सुचतच नव्हतं.

"माफी कसली?" मायरसाहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी तिला वाकून नमस्कार केला आणि शेळ्यांचे पटापट फोटो काढले. निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "या माळाला तज्ज्ञाची गरज नाही. शेळ्या आहेत."

डिसेंबरात परिषद झाली. भल्यामोठ्या पडद्यावर आक्काबाईची शेळी झळकली म्हणे. मी बारामतीतच होतो. माझ्या कोटाची डावी बाही मात्र जिनिव्हाला जाऊन आली, तिच्या तोंडातून.