तक्रारीचा योग्य काळ

माणसाच्या बहुतेक दुःखांचं मूळ काळात असतं, आणि काळाचं मूळ क्रियापदात. लिफ्ट बनवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागाने हे ओळखलं, आणि तेव्हापासून त्या विभागात दुःख उरलेलं नाही. (लिफ्ट बंद पडतात, पण तो दुरुस्ती विभागाचा प्रश्न आहे.)

याचं सारं श्रेय तिथल्या भाषा सल्लागारांना. ते इंग्रजी काळांवर इतकं बोलत की ऑफिसात सगळे त्यांना काळसर म्हणत. (शर्टाच्या रंगाशी याचा संबंध नाही.) तक्रारी इंग्रजीतून येत, आणि काळसरांच्या लक्षात आलं की गिऱ्हाइकं दोन प्रकारे रडतात. कोणी लिहितो, 'आय हॅव वेटेड'. म्हणजे वाट पाहून झाली. झालेल्या कामाची तक्रार कसली? फाइल बंद. कोणी लिहितो, 'आय हॅव बीन वेटिंग'. म्हणजे वाट पाहणं मागेच सुरू झालं आणि अजून चालू आहे. चालू कामात मध्येच हात घालणं बरं दिसत नाही. फाइल चालू. उरले 'आय ॲम वेटिंग सिन्स मॉर्निंग' लिहिणारे. त्यांची तक्रार लाल शाईने दुरुस्त करून परत जाई, सोबत सरावासाठी वाक्यं. या पद्धतीने नव्वद टक्के तक्रारी मार्गी लागल्या आणि उरलेल्या दहा टक्के लोकांचं इंग्रजी सुधारलं.

नियमही केला गेला. लेखी वाक्याचा काळ तपासून काळसरांची सही झाल्याशिवाय मेकॅनिकने किल्लीला हात लावायचा नाही. तोंडी सांगितलेलं चालणार नाही, कारण बोलताना माणसं काळाच्या बाबतीत फार बेफिकीर असतात.

एका दुपारी काळसरांची थोरली बहीण दवाखान्यातून परस्पर त्यांच्या ऑफिसात आली. दोघं घरी निघाले. ताईची पिशवी घेऊन काळसर जिन्याने उतरले. (ते रोज जिन्यानेच जात. तब्येतीसाठी, असं सांगत.) ताईचे गुडघे दुखत, म्हणून ती लिफ्टमध्ये शिरली. काळसर खाली पोचले. लिफ्ट पोचली नाही. ते पुन्हा एक मजला चढून गेले.

"अरे, ही मध्येच थांबलीये," बंद दारामागून, वरच्या बाजूने ताईचा आवाज आला.

"घाबरू नकोस. कधीपासून?"

"कधीपासून काय विचारतोस? तू पिशवी घेऊन गेलास तेव्हापासून."

काळसर विचारात पडले. थांबण्याची क्रिया पूर्ण झाली होती, परिणाम मात्र चालू होता. इतकं स्वच्छ उदाहरण त्यांना पुस्तकातही मिळालं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना किंचित आनंदच झाला. 'हॅज गॉट स्टक' लिहिलं तर फाइल बंद होणार. 'हॅज बीन वेटिंग' लिहिलं तर ताई चालू राहणार.

"माझा दम्याचा पंप त्या पिशवीत आहे," ताई म्हणाली. "मला धाप लागतेय."

"लागतेय, की मघापासून लागत आलीये?" सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं.

आतून नुसता श्वास ऐकू आला, लांब, शेवटी शिट्टी वाजणारा. तो त्यांच्या ओळखीचा होता. लहानपणी एका खोलीत झोपताना तो कानावर आला की ते उठून आईला हाक मारत. तेव्हा त्यांना एकही काळ येत नव्हता, आणि हाक मात्र लगेच निघत असे.

काळसर धावले. मेकॅनिक आपल्या खोलीत किल्लीशेजारी नियमानुसार बसला होता.

"ताई अडकलीये. चल, दार उघड."

"वाक्य, सर?"

"अरे, मी सांगतोय ना."

"तोंडी चालत नाही, सर," मेकॅनिक नम्रपणे म्हणाला. "तुम्हीच शिकवलंत."

काळसरांनी हाताला लागला तो कागद ओढला आणि लिहिलं, 'माय सिस्टर इज स्टक सिन्स लाँग टाइम. ओपन.' खाली सही ठोकली. मेकॅनिकने सही पाहिली आणि किल्ली उचलली. (वाक्य तो कधीच वाचत नसे.)

दार उघडलं तेव्हा ताई लिफ्टच्या फरशीवर भिंतीला टेकून बसली होती. पंप ओढल्यावर जरा वेळाने तिच्या चेहऱ्यावर रंग आला. मग तिने भावाकडे पाहिलं.

"बाहेर इतका वेळ काय करत होतास?"

काळसरांनी पंप पुन्हा पिशवीत ठेवला. उत्तराला दोन्ही काळ चालले असते, पण ते दोन्हींत वाईटच दिसत होते.

दुसऱ्या दिवशी पद्धतीप्रमाणे तो कागद त्यांच्याच टेबलावर आला. त्यांनी तो लाल शाईने दुरुस्त केला, सरावाची वाक्यं जोडून स्वतःला परत पाठवला, आणि ती सोडवली. (काही चुकली.) मग ते साहेबांच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "हा नियम बंद करावा असं मला वाटतं."

साहेब त्यांच्याच तालमीत तयार झालेले होते. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "आपल्याला असं वाटलं आहे, की वाटत आलं आहे?"

काळसर उत्तर शोधत आहेत. नियम चालू आहे.

वाचकहो, आपलीही एखादी तक्रार असेलच. अवश्य पाठवा. फक्त आधी ठरवा, आपली वाट पाहून झाली आहे, की पाहणं अजून चालू आहे? घाई नाही. आपण विचार करताय तोवर विभाग आपली तक्रार विचाराधीनच धरतो.