नखाला लागत नाही

बडोद्यातल्या आमच्या सोसायटीत कुणी नवीन बिऱ्हाड आलं की जगदाळेकाका त्यांना नाव विचारत नाहीत, गावही विचारत नाहीत. आधी त्यांच्या गाडीपाशी जातात, चष्मा कपाळावर चढवतात आणि तर्जनीचं नख दारावरून हलकेच फिरवतात. निकाल दोनच. "नखाला लागत नाही, म्हणजे जाणार." नाहीतर, "नखाला लागतंय. नाही जायचं. शांति राखो." हा दुसरा निकाल ते अशा आवाजात देतात की गाडीमालकाला वाटावं, घरचं कुणीतरी आयसीयूत आहे.

विषय गाडीवरच्या ओरखड्यांचा आहे हे त्या बिचाऱ्याला जरा उशिराच कळतं. काकांचं म्हणणं असं, की गाडीच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो. ओरखडा त्या थरातच राहिला असेल तर नख त्याच्यावरून सुळकन पुढे जातं आणि तो हाताने घासून काढता येतो. नख अडकलं तर ओरखडा खाली रंगापर्यंत पोचला. मग फक्त हात जोडायचे. मशीन त्यांना मान्य नाही. "मशीनला काय कळतं, दुखतंय कुठे ते?" असं ते विचारतात.

काका सत्तरी ओलांडलेले. जन्म नागरवाड्यातला, नोकरी छाणीच्या बाजूला एका कारखान्याच्या रंगखात्यात, आणि निवृत्त झाल्यापासून आमच्या सुभानपुऱ्यात, माझ्या खालच्या मजल्यावर. पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते. "त्यांनी सरकारी घोड्यांना खरारा केला, मी गाडीला करतो. जनावर बदललं, हात तोच," हे वाक्य मी आजवर निदान शंभरदा ऐकलं असेल. दर वेळी ते मनगट वर करून दाखवतात, आणि दर वेळी मी "हो का!" म्हणते.

एकदा आम्ही दोघं बँकेतून येताना सेव-उसळ खायला थांबलो. मी ऑर्डर देऊन वळते तर काका गायब! समोर एक पांढरी कोरी गाडी उभी, आणि काका वाकून तिच्या दारावर नख फिरवतायत. गाडीचा मालक, चांगला सहा फुटी माणूस, हातातली प्लेट ठेवून धावत आला. "ओ काका, आ शुं करो छो?" त्याला वाटलं, म्हातारा किल्लीने रेघ ओढतोय. चार माणसं जमली. मी ओढणीत तोंड लपवलं आणि ही व्यक्ती आपल्या ओळखीची नाही असा चेहरा केला. काका मात्र गार. त्याला गुजरातीत समजावलं, गाडी झाडाच्या सावलीत घ्यायला लावली आणि शर्टाच्या खिशातून ओरखडे घासायच्या कंपाउंडची डबी काढली. अहो, लोक खिशात बडीशेप ठेवतात! अर्ध्या तासाने तोच सहा फुटी माणूस काकांना आग्रह करकरून दुसरी प्लेट खायला घालत होता. माझी उसळ गार झाली होती, ते सोडा.

अशा माणसाबरोबर संसार करणं म्हणजे खायचं काम नव्हतं. तो मालतीकाकूंनी केला. काकांची स्वतःची गाडी गडद निळी, चौदा वर्षांची, आणि तिच्यात बघून कुंकू लावावं इतकी लख्ख. काकू भारी घाईच्या. दाराच्या मुठीमागे बोटं खुपसून खसकन ओढायच्या, आणि तिथल्या खोलगट जागेत नखांच्या रेघा उठायच्या. "मालती, नख लावू नको!" ही आरोळी वरच्या मजल्यावर आम्हाला रोज ऐकू यायची. "मग दार काय दातांनी उघडू?" हे काकूंचं ठरलेलं उत्तर. फारच चिडल्या तर म्हणायच्या, "गाडीशीच लग्न करायचं होतंत, स्वयंपाकाला बाई ठेवली असती!" दर दसऱ्याला काका त्या रेघा घासून काढायचे आणि दिवाळीपर्यंत त्या परत हजर. अकरा वर्षं हा खेळ चालला. तीन वर्षांपूर्वी काकू चार दिवसांच्या तापात गेल्या, आणि खालची आरोळी बंद झाली. सुरुवातीला मला ती ऐकू न आल्यामुळे शाळेला उशीर व्हायचा.

हो, मी शाळेत गणित शिकवते, आणि वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकले. माझा नवरा शेखर दहेजला नोकरीला आहे. कंपनीच्या बसने जातो, शनिवारी घरी येतो. दोन वर्षांपूर्वी एका बुधवारी मी त्याची नवी गाडी त्याला न सांगता बाहेर काढली आणि फाटकाजवळच्या बोगनवेलीला घासून परत आणून लावली. अख्ख्या डाव्या बाजूला पांढऱ्या बारीक रेघा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! मी पार्किंगमध्ये अक्षरशः रडले.

काकांनी नख फिरवलं. "नखाला लागत नाही. रड थांबव, पाणी आण."

मला वाटलं काका करून देतील. कसलं काय! ते बाजूला उभे राहून मला करायला लावत होते. आधी गाडी धुतली. मग त्यांनी माझ्या हातात भाजीची पातळ प्लास्टिकची पिशवी चढवली आणि दारावरून हात फिरवायला सांगितला. उघड्या हाताला गुळगुळीत लागणारा पत्रा पिशवीतून चक्क रव्यासारखा खरखरीत लागला. तो कचरा काढल्यावर कुठे डबी उघडली. "मुगाच्या डाळीएवढं घे. जास्त घेऊन जास्त पुण्य लागत नाही." मी स्पंज गोल फिरवायला लागले तर ओरडले, "गोल गोल नाही! पुरणपोळी लाटतेस का? सरळ, पुढे-मागे. वीतभर जागा, मग पूस, मग बघ." मी जोर लावला तर, "दाबू नको गं. त्याला मारायचं नाहीये, समजवायचंय."

तीन संध्याकाळी मी त्या डाव्या बाजूला समजवत होते. शेवटी वर मेणाचा पातळ हात दिला आणि मऊ कापडाने पुसून घेतला. एक रेघ दिसेल तर शपथ! शनिवारी शेखर आला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "वैशाली, ही डावी बाजू जास्त चमकतेय का गं?"

कपाळ माझं! पुढचे दोन रविवार उरलेली गाडी घासण्यात गेले. पण मला त्याची गोडी लागली, हे खोटं कशाला बोलू? पोरांच्या वह्या तपासून डोकं उठलं की मी डबी घेऊन खाली जायला लागले.

यंदा उन्हाळ्यात काकांनी आपली निळी गाडी फाटकाच्या खांबावर नेली. बंपर वाचला, पण काका हादरले. त्यांना खांब दिसलाच नव्हता. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरचं दिसतं, कडेचं गेलंय, आणि गाडी चालवणं आजपासून बंद. पुण्याहून मुलाचा, महेशचा फोन आला, "बाबा, दिवाळीला येतोय, तेव्हा ती गाडी भंगारात देऊन टाकू."

"भंगारात?" काका मला सांगायला जिना चढून वर आले. "चालतं-बोलतं जनावर आहे ते!" आणि त्यांनी ठरवलं, की महेश यायच्या आत गाडीला चांगलं घर बघायचं.

झालं! मुलीचं लग्न काढावं तशी स्थळं बघायला सुरुवात झाली. पहिला आला त्याच्या बोटात तीन अंगठ्या होत्या. "हा गाडी धुवायला बसला तर पत्र्यावर रांगोळी काढेल." नापास. दुसऱ्याने बॉनेटवरची धूळ बघून कोरडा रुमाल काढला. त्याचा हात काकांनी हवेतच धरला आणि त्याला चहा न देता वाटेला लावलं. तिसरा भला माणूस होता, पण बोलता बोलता दाराला टेकला, आणि त्याच्या पट्ट्याला बक्कल होतं. सप्टेंबर संपला तरी घर मिळेना. काकांचं जेवणावरून मन उडालं. शेवटी एके दिवशी मी धीर करून म्हटलं, "काका, मला द्या ना. शेखरची गाडी तो घरी असला की मिळत नाही, मलाही हवीच आहे एक."

काकांनी मान तिरकी करून मला नीट बघितलं. "तुला? बोगनवेलवालीला?"

"दोन वर्षं झाली त्याला!"

"बोगनवेल अजून तिथेच आहे," काका म्हणाले, आणि विषय संपला. मला राग आला. चांगला आठवडाभर मी त्यांना जिन्यात नुसतं "केम छो" म्हणून जात होते.

नवमीची सकाळ. दसऱ्याला गाड्यांची पूजा असते, म्हणून आदल्या दिवशी सगळ्या गाड्या घासूनपुसून तयार करायच्या ही सोसायटीची रीत काकांनीच पाडलेली. रात्री गरबा खेळून माझे पाय बोलत होते, तरी राग गिळून मी काकांच्या गाडीला हात घातला. दुसरं कोण करणार? काका प्लास्टिकच्या खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकत होते. "तिकडे राहिलं. सावलीत ये. डाळीएवढं!" मध्येच उठून यायचे, नख फिरवायचे, मान हलवून परत बसायचे. डोळ्यांनी दगा दिला होता, नखाने नाही.

असं करत मी पुढच्या डाव्या दारापाशी आले. मुठीमागच्या खोलगट जागेत बघते तर चार रेघा. बारीक, वाकड्या, एकीशेजारी एक. मला केवढा आनंद झाला! काकांच्या गाडीवर काकांना न दिसलेला ओरखडा! मी नख फिरवलं, सुळकन गेलं. बोटावर कंपाउंड घेतलं आणि म्हटलं, "काका, हे राहिलं होतं बघा तुमचं."

"हात काढ!"

असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. समोर झाडणारा वॉचमन झाडू घेऊन तसाच उभा राहिला. काका खुर्ची पाडून उठले होते.

"नखाला लागत नाही, काका," मी चाचरत म्हटलं. "दोन मिनिटांत जाईल."

"जाईल म्हणूनच सांगतोय."

मला काहीच उलगडेना. ते जवळ आले, वाकले, आणि त्या जागेवर नख नाही, बोटाचं पेर ठेवलं. "त्या वर्षी दसऱ्याला सगळ्या काढल्या होत्या मी," ते म्हणाले. "या त्याच्यानंतरच्या."

मालतीकाकू त्याच वर्षी संक्रांतीच्या आत गेल्या होत्या. बोटावरचं कंपाउंड मी सरळ कुर्त्याला पुसलं. डाग अजून आहे. मग मी त्या दाराला मेण लावलं, पण मुठीमागची ती जागा सोडून. आत एक थेंबही जाऊ नये म्हणून करंगळीला कापड गुंडाळून कडेकडेने. काका मान तिरकी करून सगळं बघत होते.

संपल्यावर म्हणाले, "उन्हात लावू नकोस. वॉचमनला फडकं लावू देऊ नकोस."

"कशाला?"

"गाडीला. तुझ्या," काका म्हणाले आणि खुर्ची उचलून घरात गेले.

दुसऱ्या दिवशी झेंडूचा हार घालून पूजा झाली. काकांनी आपट्याच्या पानाबरोबर किल्ली माझ्या हातात ठेवली, मी वाकून नमस्कार केला, शेखरने फोटो काढला. आता दसरा आणि बडोद्यात फाफडा-जलेबी नाही असं कसं चालेल? मी काकांना म्हटलं, बसा. चौदा वर्षांत ते त्या गाडीत डाव्या बाजूला कधी बसले नव्हते. बाहेरून नख लागायला नको म्हणून मी आतून हात लांब करून दार उघडलं. बोगनवेल आली तेव्हा काकांनी डोळे मिटून घेतले.

दुकानापाशी ही गर्दी! मी गाडी कशीबशी कडेला लावली, काका रांगेत गेले. ते परत आले तेव्हा एका हातात गरम जलेबीचा पुडा, दुसऱ्या हाताच्या काखेत फाफडा, मागे रिक्षावाला भोंगा वाजवतोय, आणि मी आतून ओरडतेय, "काका, लवकर!" त्यांनी मुठीमागे बोटं खुपसली आणि दार खसकन ओढलं.

बसल्या बसल्या त्यांचा चेहरा पडला. पार्किंगमध्ये उतरून दोघं वाकून बघतो तर चार रेघांच्या शेजारी एक नवी कोरी पाचवी.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि नख फिरवलं. मी पर्समधून डबी काढली. हो, आता मीही ठेवते. "नखाला लागत नाही ना? मग जाणार," मी म्हटलं. "तेवढी एकच काढते. काकूंच्यांना धक्का लागू देणार नाही."

काकांनी बोटाचं पेर त्या पाच रेघांवरून फिरवलं.

"अकरा वर्षं ओरडत होतो मी तिला," ते म्हणाले. "राहू दे. माझीपण एक असू दे तिथे." आणि पुडा माझ्या हातात देत म्हणाले, "चालो, जलेबी गार होतेय."