फाटकावरचे दस्तगीरचाचा

दस्तगीरचाचांना नमस्कार केला, तर ते नमस्कार घेत नाहीत. हात पुढे करतात आणि म्हणतात, "कागद बघू."

आमच्या तालुक्याच्या कोर्टासमोर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. दुकान उघडलं त्या दिवशी मी त्यांना पेढा द्यायला गेले. त्यांनी पेढा डाव्या हातात घेतला आणि उजवा पुढे केला. माझ्याकडे कागद नव्हता. त्यांना फार वाईट वाटलं.

चाचा याच कोर्टात बेलीफ होते. म्हणजे समन्स घेऊन गावोगाव सायकल हाणायची, ज्याच्या नावाचं असेल त्याच्या हातात द्यायचं आणि सही आणायची. नोकरी संपून बरीच वर्षं झाली, पण आजही साडेदहाच्या ठोक्याला लाल प्लास्टिकची खुर्ची डोक्यावर उलटी धरून स्वारी फाटकाशी हजर. आत शिरणाऱ्याचा कागद बघायचा आणि दोनपैकी एक निकाल द्यायचा. "हितलंच हाय," किंवा "हितलं न्हाई."

"बांधाचा दावा? हितलंच. नवऱ्याकडनं पोटगी? हितलंच, डाव्या हाताचा हॉल. गाडीनं ठोकरलं, भरपाई पायजे? हितलं न्हाई, सांगली. खून? कागद हितनं हलतो, पण खटला चालतो सांगलीला, सत्र न्यायालयात. सातबाऱ्यावर नाव लावायचंय? आवं, ते कोर्टातच न्हाई, तहसीलला. चला, दावतो." आणि खुर्ची तिथंच टाकून त्या माणसाला तहसीलच्या दारापर्यंत पोचवून येतात.

ही सवय त्यांनी कोर्टापुरती ठेवली असती तर बरं होतं. आमच्या गल्लीत एकदा कोंबडीवरून दोन घरं भांडली. चाचा मध्ये पडले. "कोंबडी पाच लाखाच्या आतली हाय. म्हणजे दावा हितलाच. पण कोंबडीला इचारा, ती कुणाच्या ताब्यात हाय." लोक हसले आणि भांडण तिथंच विरलं. माझ्या चुलतभावाच्या लग्नात वरमाई रुसली, तर भर मांडवात हे तिला समजावतात, "ताई, आत्ता हितल्या हितं मिटवा. घटस्फोटापातूर गेलं तर आपल्या कोर्टाला अधिकार न्हाई. सारखं लांब हेलपाटं घालावं लागतील." मुलीच्या बापाचा चेहरा मला अजून दिसतो.

एक नवे जजसाहेब बदलून आले होते. फाटकावर हा काय प्रकार म्हणून त्यांनी विचारलं, "तुम्ही कोणाच्या अधिकारात बसता इथं?"

चाचा अदबीनं उठले. "साहेब, खुर्ची रस्त्यावर हाय. रस्ता नगरपंचायतीचा. हितलं न्हाई."

पुढं महिनाभरानं तेच साहेब चुकलेल्या माणसांना "बाहेर चाचांना विचारा" म्हणून पाठवायला लागले.

तानूबाई आली तो दिवस मंगळवार होता. पूर्वेकडच्या कोरड्या भागातली, मेंढरं राखणारी बाई. साठी ओलांडलेली, हातात कागदांची पिशवी. जिन्यावरून खाली येत होती आणि धाप लागली होती. चाचांनी हात पुढे केला. "कागद बघू."

"काय बघतायसा? तिसऱ्यांदा चढून आले. वर कोण बसतच न्हाई."

"वर कशाला गेलता?"

"वकील म्हणलं, दावा गेला, आता वरच्या कोर्टात जावा. म्हणून वर जाते. वर नुसती कपाटं हायती."

माझ्या दुकानात उभी असलेली दोन माणसं फिसकन हसली. चाचा हसले नाहीत. त्यांनी कागद काढले, चष्मा कपाळावर सारून डोळ्यांजवळ धरले. शेताकडे जायची तिची पिढीजात वाट शेजाऱ्यानं काटे टाकून बंद केली होती. दावा ती हरली होती. निकालाची नक्कल तिच्या हातात होती. चाचांनी बोटांवर दिवस मोजले आणि ताडकन उठले.

"बाई, वरचं कोर्ट म्हणजे माडी न्हवं. जिल्हा न्यायालय. सांगलीला. हितला निकाल पटला न्हाई तर तितं अपील करायचं. तीस दिवसांत. आज तिसावा हाय."

तानूबाई पायरीवर बसली. "मग गेलंच म्हणा. माजी वाट."

"उठा. साडेअकराची कडेगाव-सांगली गाडी हाय."

मी म्हटलं, "चाचा, उशीर झाला तर कोर्ट माफ करतं ना? अर्ज द्यायचा."

"करतं की. पण दिवस हातात असताना माफी मागत का जायचं? शैला, तू बी चल. टायपिंग लागंल."

मी शटर ओढलं. निघताना चाचा एसटी स्टँडच्या खांबाआड जाऊन घरी फोनवर बोलले. एवढंच ऐकू आलं, "तिला सांग, लांबच्या गावाचं समन्स हाय. वाट बघू नको म्हणावं." मला कळेना. यांना आता कोण समन्स देतंय?

गाडीत तानूबाई खिडकीला चिकटून बसली. मध्येच म्हणाली, "वकिलाला द्यायला माझ्याकडं काय बी न्हाई."

"बाईमाणसाला सरकारी खर्चानं वकील मिळतो. जिल्हा कोर्टातच हापिस हाय, विधी सेवेचं. तुमी नुसतं खरं बोला. बाकीचं मी बघतो."

सांगलीला पोचलो तेव्हा दीड वाजून गेला होता. चाचा कोर्टाच्या आवारात असे चालले की आम्हा दोघींना पळावं लागलं. विधी सेवेच्या खोलीतले कारकून म्हणाले, "अर्ज ठेवून जा. वकील नेमला की कळवतो."

"आज शेवटचा दिवस हाय."

"मग लवकर यायचं होतं, आजोबा."

"ती तीनदा आली, साहेब. जिना चढून. तिला कुणी सांगितलंच न्हाई की वरचं म्हंजे कुठलं." चाचांनी दारातल्या बाकाची कड धरली. "मी हितनं हलणार न्हाई. तुमी जवा नेमाल, तवाच जाणार."

आवाज चढला नव्हता. पण कारकुनानं त्यांच्याकडे बघितलं, मग तानूबाईच्या धुळीनं भरलेल्या पायांकडे बघितलं आणि फोन उचलला. अर्ध्या तासात एक तरुण वकीलबाई आल्या. त्यांनी कागद वाचले, प्रश्न विचारले. आवाराबाहेरच्या एका टायपिंगवाल्याचं मशीन मी मागून घेतलं आणि त्या सांगतील तसं अपील बडवत गेले. माझी बोटं आयुष्यात तेवढी कधी पळाली नाहीत. चाचा दर पानाला येऊन घड्याळ दाखवून जात. कागद घ्यायची खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं असताना तानूबाईचा अंगठा उमटला आणि अपील दाखल झालं. शिक्का पडल्याचा आवाज आला तेव्हा तानूबाईनं दोन्ही हात कानशिलांवर नेऊन बोटं मोडली. चाचांची दृष्ट काढली.

पुढच्याच आठवड्यात काटे काढायचा तात्पुरता हुकूम मिळाला. अपील अजून चालू आहे. तानूबाईची मेंढरं मात्र त्या वाटेनं जातात.

पण मला सांगायची आहे ती त्याच दिवशीची संध्याकाळ. परत आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. चाचा थकले होते, म्हणून मी त्यांना घरापर्यंत सोडायला गेले. दारात त्यांची सून उभी होती. हळूच म्हणाली, "ताई, आत या. पण आईंच्या पुढं रिटायरचं काय बोलू नका."

मला काही समजलं नाही. ती म्हणाली, "आईंना कवापासनं काय आठवत न्हाई. अब्बा घरी बसले की घाबरत्यात. म्हणत्यात, नोकरी गेली काय, पोरांचं कसं हुणार? रडत्यात. रिटायर झाले त्या पहिल्या वर्षी लय झालं तसं. मग अब्बा रोज साडेधाला बाहेर पडाय लागले. जायचं कुठं, म्हणून कोर्टाकडंच."

आत चाचांच्या बायको, जैतूनचाची, खाटेवर बसल्या होत्या. केस विंचरलेले, नजर दाराकडे. चाचांना बघून त्या उठू लागल्या.

"आवं, किती उशीर. लांबचं गाव हुतं व्हय?"

"लय लांबचं." चाचा त्यांच्याजवळ खाटेवर टेकले.

"बजावलं का समन्स?"

"बजावलं."

"सही घेतली?"

"सही येत न्हवती. अंगठा घेतला."

चाचींनी समाधानानं मान हलवली आणि त्यांच्या सदऱ्यावरची धूळ झाडायला लागल्या.