तानूबाईंचा तारा आणि सहा रुमाल

श्री. आकाश ज्याचें त्यानें केलें, दफ्तर आम्हीं केलें. सबब चुकी जी निघेल ती आमची समजावी. शके एकोणीसशें शेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरीं, भाद्रपद मासीं एका राज्यांत वर्तमान जाहलें तें ऐसें. तेथील महाराज ताऱ्यांचे मोठे शौकी, आणि तेज कमीजास्त करणारे जे रूपविकारी तारे, त्यांजवर तर फार लोभ. ऐसा तारा जो प्रथम टिपील त्याचें नांव दफ्तरीं चढावें, ही चाल. दफ्तराचे मुख्य चिमणाजीपंत सबनीस. यांणीं तेजाप्रमाणें नोंदींच्या कागदांचे सहा रुमाल, म्हणजे फडक्यांत गुंडाळिलेले गठ्ठे, बांधिले, ठळक तारे पहिल्यांत आणि अंधुक सहाव्यांत, आणि पुढें संगणक आला तेव्हां त्यांतही तेच सहा रुमाल जसेच्या तसे घातले, आणि दर वर्षीं कांहीं नोंदींचा झाडा, म्हणजे तपास, घ्यावा, जो तारा आपल्या रुमालाच्या तेजाचा न दिसेल त्याची नोंद खोटी म्हणोन तांबडी रेघ मारावी. ज्यांचा धर्मच तेज पालटण्याचा, त्यांस तेजावरून बांधून ठेविलें! परंतु हें कोणाचे ध्यानांत आलें नाहीं. आम्हीही त्याच कचेरींत बसून सुपारी कातरीत होतों.

मग या सालचे झाड्यांत तानूबाई शेलार यांचा तारा आला. बाई डोंगरावरील चौकीच्या, बावीस वर्षें दुर्बिणीस डोळा लावून बसलेल्या. त्यांणीं नऊ वर्षांमागें तिसऱ्या रुमालांत लिहविलेला तारा तितक्या तेजाचा कोठें दिसेना. तेव्हां पंतांनीं लेख केला कीं बाईंनीं तारा मनचा रचिला, सबब नांव खोडावें आणि सरकारी दुर्बीण दसऱ्याचे आंत परत घ्यावी. बाई दरबारीं येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दुर्बीण न्यायची तर न्या, पर मला लबाड म्हनू नका. तारा मी या डोळ्यांनी बघितलाय." महाराजांनीं पंधरा दिवसांची मुदत दिली आणि नव्या कारकून द्वारकाबाई पोतनीस यांस दफ्तर तपासण्यास बसविलें.

द्वारकाबाईंनीं आधीं तानूबाईंसच विचारिलें, "मावशी, तारा मंद झाला तर तुम्ही तो ओळखता कसा?" बाई म्हणाल्या, "अगं, मानूस आजारानं रोडावलं म्हनून त्याचं घर हलतं का? मी आधी घर बघते, शेजार बघते, मग मानूस." द्वारकाबाई ताडकन् उठल्या, "झालं! आपण तब्येत बघून पत्ते लिहीत बसलो!" आणि सहाही रुमाल सोडिले, आणि नवें दफ्तर रचिलें. एक तक्ता ताऱ्यांचा, त्यांत आकाशांतील ठिकाण आणि कधीं न बदलणारा क्रमांक. दुसरा तक्ता दर्शनांचा, त्यांत तारीख, तेज आणि पाहणाराचें नांव, एका ताऱ्यास हजार ओळी झाल्या तरी हरकत नाहीं. आणि ज्याचें दर्शन सर्वांत जुनें तो शोधक, आणि खोडणें कायमचें बंद. मग चौदावे दिवशीं भर दरबारीं जुन्या नोंदी त्यांतील ठिकाणांवरून नव्या तक्त्यांत घातल्या, तों बाईंच्या ताऱ्याचे घरीं एक सोडून तीन नोंदी येऊन उतरल्या: तिसऱ्या रुमालांतील बाईंची, मागाहून चौथ्यांत चढलेली कोणा गुरुजींची, आणि पांचव्यांतील वाचतांना द्वारकाबाई थबकल्या. ती खुद्द सबनीसांची! पंतांचा जन्मांतील एकुलता शोध, ज्याचें मानपत्र त्यांचे बैठकीवर टांगलेलें. तारा एकच, तेज उतरेल तसा रुमाल बदलीत गेला होता.

आम्हांस वाटलें, आतां पंत उखडतील. तों पंत मटकन् खालीं बसले आणि हंसूं लागले, आणि डोळ्यांस पाणी. म्हणाले, "सुटलो हो! मलाही तो आठ वर्षं सापडत नाही. मीच लबाड ठरेन या धास्तीनं झाड्याला पाचवा रुमाल मी कधी उघडलाच नाही. आणि तुमचं नाव मात्र खोडायला निघालो. बाई, माफी असावी." बाई म्हणाल्या, "असू द्या पंत. तुमी बी बघितला म्हनून तर माझं खरं ठरलं."

येणेंप्रमाणें घडलें तें लिहिलें. शोधकाचे रकान्यांत तानूबाई शेलार. दर्शनांचे तक्त्यांत इतरांबरोबर चिमणाजीपंत सबनीस. दुर्बीण डोंगरावरच आहे. तारा सांप्रत मंदावला, कोणासही दिसत नाहीं, आणि त्याची काळजी कोणी करीत नाहीं.