पेडणेकर सरांच्या दुरुस्त्या

माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका पेडणेकर सरांनी दुरुस्त्यांसह परत केली.

पत्रिका छापून झाली होती. गठ्ठे घरात येऊन पडले होते. शेजारी म्हणून पहिली पत्रिका मी अक्षता ठेवून सरांच्या हातात दिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्या दाराच्या कडीला अडकवलेली सापडली. हिरव्या पेन्सिलीने भरलेली. 'शुभविवाह' या शब्दाखाली रेघ, आणि बाजूला : 'शुभ हा निष्कर्ष आहे. कार्याआधी काढता येणार नाही.' 'आपली उपस्थिती प्रार्थनीय'समोर : 'अपेक्षित संख्या?' आणि 'कै. रामचंद्र घाडी यांची नात' यातल्या 'कै.'भोवती गोल करून समासात लिहिलेलं : 'हे आवश्यक आहे का? काढल्यास वाक्य सुधारते.' सगळ्यात वर, दोनदा अधोरेखित : 'मोठ्या दुरुस्त्यांनंतर पुन्हा सादर करावे.'

आई भडकली. "तुझ्या बापाशीक जाऊन अकरा वर्सां झाली. ह्यो कोण त्यांका परत आणणारो?"

मी आईपेक्षा जास्त भडकलो. मी विमा कंपनीत मृत्यूच्या दाव्यांच्या टेबलावर बसतो. माणूस गेल्याचा दाखला तपासायचा आणि फाइल पुढे ढकलायची, हेच माझं आयुष्य. 'कै.' कुठे लावावं, हे निदान मला तरी कोणी शिकवू नये, असं मला वाटलं. मी पत्रिका फाडली आणि आठवडाभर सरांशी बोललो नाही. सरांना ते कळलंही नाही.

पेडणेकर सर परळच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले. काळाचौकीतली आमची चाळ पाडून तिथे टॉवर झाला, चौदाव्या मजल्यावर आमची दारं पुन्हा समोरासमोर आली, आणि पुढे त्यांची हिरवी पेन्सिल माझ्या नशिबी आली. सोसायटीच्या इतिवृत्तात 'ठराव सर्वानुमते मंजूर' असं वाचून त्यांनी समासात लिहिलं होतं, 'मी झोपलो होतो. सर्वानुमते कसे?' गल्लीतल्या मंडळाने 'नवसाला पावणारा' असा फलक लावला, तर हे कार्यकर्त्यांना विचारायला गेले, "न पावलेल्या नवसांची नोंद कुठे आहे?" कार्यकर्ते सभ्य होते म्हणून सर चालत घरी आले. भाजीवाली 'ताजी हाय' म्हणाली की सर विचारायचे, "कशाच्या तुलनेत?"

हा माणूस आधी असा नव्हता. त्याला असा केला एका जर्नलने.

जर्नल म्हणजे काय, हे मला सरांमुळे कळलं, आणि कळल्यापासून डोकं ठिकाणावर नाही. तुम्ही वर्षानुवर्षं खपून एक शोधनिबंध लिहायचा. तो परदेशातल्या कुठल्याशा जर्नलकडे पाठवायचा. संपादक तो दोन-तीन तज्ज्ञांकडे गुपचूप धाडतो. त्यांना म्हणायचं रिव्ह्यूअर. त्यांची नावं तुम्हाला कधीच कळत नाहीत, फक्त नंबर कळतात. ते फुकट वाचतात, म्हणून सवडीने वाचतात. सात-आठ महिन्यांनी त्यांचे आक्षेप येतात आणि तुम्हाला मात्र उत्तराला पंधरा दिवस. शेवटी छापून आलंच, तर तुमचाच लेख तुम्हाला वाचायला त्यांच्या कुलपाआड, पैसे भरा आणि उघडा. आमच्या कंपनीने एखादा दावा असा लटकवला असता तर लोकांनी काचा फोडल्या असत्या. इथे प्रोफेसर लोक शेवटी लिहितात, 'आपल्या बहुमोल सूचनांबद्दल आभारी आहोत.'

निबंध होता डंकनवरच्या बायकांच्या खोकल्याचा. लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत मिरची कुटायचं जे यंत्र असतं, ते डंकन. एप्रिल-मेमध्ये तिथून नुसतं चालत गेलं तरी माणूस शिंकून बेजार होतो, आणि तिथल्या बायका दिवसभर त्या खकाण्यात उभ्या. हा विषय सरांच्या डोक्यातून आलेला नाही. तो शालनकाकूंचा, म्हणजे सरांच्या बायकोचा. काकूंची आई डंकनवर कामाला होती आणि खोकत खोकतच गेली. काकूंच्या लक्षात आलं होतं की ज्या बायका नाकातोंडावर ओलं फडकं बांधतात, त्या संध्याकाळी कमी खोकतात. सर म्हणाले, "पुरावा?" काकूंनी शाळेची दोनशे पानी वही आणली.

चार उन्हाळे ती बाई डंकनसमोर स्टूल टाकून बसली. कोण किती वेळा खोकलं, फडकं ओलं की कोरडं, सगळं वहीत. श्वासाचा जोर मोजायची एक प्लास्टिकची नळी सरांनी आणून दिली होती. काकू तिला फुंकणी म्हणायच्या. "चल गो, फुंकणी फुक," म्हणून एकेकीला धरायच्या. सरांनी त्या वहीचा इंग्रजी निबंध केला. पहिल्या खर्ड्यात शेवटच्या ओळीत पत्नीचे आभार मानले होते. काकू म्हणाल्या, "आभार कसले? वही माझी." दुसऱ्या खर्ड्यात पहिलं नाव शालन पेडणेकर, दुसरं सरांचं.

आठ महिन्यांनी परीक्षणं आली. रिव्ह्यूअर नंबर एकने एकच ओळ लिहिली होती : छान आहे, छापावे. सर संतापले. "यांनी वाचलेलंच नाही!" नंबर दोनने चार पानं भरून आक्षेप घेतले होते, आणि त्यातला एक असा : लेखकांनी 'डंकन' या शास्त्रज्ञाच्या नावाचं स्पेलिंग चुकीचं केलं आहे, ते दुरुस्त करावं आणि डंकन यांच्या मूळ संशोधनाचा संदर्भ द्यावा.

मी जन्मात इतका हसलो नव्हतो. सर हसले नाहीत. त्यांनी डंकन हा मनुष्य नाही, असं सिद्ध करणारं दीड पान लिहिलं. काकू म्हणाल्या, "त्यांका सांगा, हंय येऊन पाच मिनटां बसा. डंकन कोण ता आपोआप कळतला."

दुसरा आक्षेप मला आजही आठवला की हात शिवशिवतात. पहिल्या लेखिकेची संस्था कुठली? संस्था नसल्यास त्यांचं नाव आभारात हलवावं. चार उन्हाळे डंकनसमोर बसलेली बाई आभारात, कारण तिच्या नावापुढे कुठल्या कॉलेजची पाटी नाही! सर यावर दोन फेऱ्या लढले. शेवटी 'स्वतंत्र संशोधक' यावर तडजोड झाली. काकूंना ते वाचून दाखवलं, तेव्हा मी तिथेच चहा पीत होतो. "स्वतंत्र?" काकू म्हणाल्या. "ह्यांच्याबरोबर चाळीस वर्सां काढलंय, आणि मी स्वतंत्र?"

तोवर अख्ख्या मजल्याला नंबर दोन पाठ झाला होता. लिफ्टमध्ये लोक विचारायचे, "सर, दोन नंबरचं काय झालं?" नवा वॉचमन हे ऐकून घाबरला. म्हातारा सभ्य दिसतो आणि दोन नंबरचे धंदे करतो, असं त्याने सेक्रेटरीच्या कानावर घातलं.

आणि खरं सांगू का, त्या नंबर दोनवर सर जळायचे तितकाच त्यांचा जीवही होता. "निदान त्याने ओळ न् ओळ वाचली," म्हणायचे. हळूहळू त्यांनी त्याची भाषा उचलली, मग पेन्सिल उचलली, आणि आम्ही सगळे त्यांना हस्तलिखितं दिसू लागलो.

तिसरी फेरी चालू असताना काकू गेल्या. दवाखान्यात जेमतेम नऊ दिवस. तेराव्याला डंकनवरच्या बायका आल्या होत्या, दाराशी अवघडून बसल्या होत्या. सर त्यांना एवढंच म्हणाले, "निबंध गेलेला आहे. उत्तर येईल." मला ते विचित्र वाटलं. चार महिन्यांनी माझ्या मुलीची पत्रिका परत आली, आणि मी फाडली, ते सांगितलंच.

लग्न पार पडलं. सर आले, जेवले, जिलबीबद्दल तोंडी दोन सूचना केल्या. नंतर एका रविवारी दुपारी त्यांनी आमची बेल वाजवली. हातात लॅपटॉप. आजवर हा माणूस आमच्या दारात नुसता कागद अडकवून जायचा.

"दिनेश, तुझं रोजचं काम मृत्यूचं ना?"

"हो सर. का?"

"एक फॉर्म भरायचा आहे. उद्यापर्यंत मुदत आहे."

निबंध स्वीकारला गेला होता! मी अभिनंदन म्हणणार, तेवढ्यात त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. छापण्याआधी प्रत्येक लेखकाने आपल्या ईमेलवरून संमती द्यायची होती. सरांनी दिली होती. काकूंच्या नावाचा ईमेल सरांनीच उघडून दिला होता. त्यात जर्नलची तीन स्मरणपत्रं न उघडता पडली होती. मग जर्नलने हा फॉर्म पाठवला : लेखिका उत्तर देत नाहीत, कारण निवडा. रजेवर. संस्था सोडली. मृत. तिसरं निवडलं तर नावाशेजारी एक छोटी खूण छापली जाणार होती. फॉर्म न भरल्यास निबंध मागे घेतला असं समजण्यात येईल.

सरांनी 'संस्था सोडली' निवडून ठेवलं होतं.

"सर, हे..."

"विवाहसंस्था ही संस्थाच आहे," सर घाईने म्हणाले. "संदर्भ देता येईल."

मग पडद्याकडे बघत सरच म्हणाले, "ती वही तिची आहे. निबंध मागे गेला तर वही फुकट. मला खोटं लिहायचं नाही दिनेश, आणि खरं लिहवत नाही. दोन दिवस बसलोय. तू भर."

मला त्या जर्नलचा इतका राग आला की काय सांगू. बाई जिवंत होती तेव्हा तिला आभारात ढकलायला निघाले होते, आणि आता तिची संमती पाहिजे! राग माझा मलाही आला. पत्रिकेतल्या त्या हिरव्या गोलाचा अर्थ मला, रोज मृत्यूचे दाखले हाताळणाऱ्या माणसाला, तेव्हा कळला नाही. माझ्या टेबलासमोर नवऱ्याचा फॉर्म हातात घेऊन बायका बसतात, त्यांची सही अडते, आणि मी घड्याळ बघतो. तेही त्या दुपारी आठवलं.

मी तिसरा पर्याय निवडला. तारीख घातली. सरांना म्हटलं, "एकदा तपासून घ्या."

सरांनी चष्मा पुसला. सगळं वाचलं, वरपासून खालपर्यंत. नंतर म्हणाले, "काही सूचना नाहीत." इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मी बटण दाबलं.

निबंध छापून आला. सरांनी त्याच्या प्रती काढून लालबागला नेऊन डंकनवरच्या प्रत्येक बाईला दिल्या, सोबत मराठीत एक पान आणि प्रत्येकीला सुती फडकं. इंग्रजी कोणाला वाचता येत नव्हतं, पण काकूंचं नाव बोटाने दाखवलं की कळत होतं. एक प्रत माझ्या दाराच्या कडीला अडकवलेली सापडली. मी कौतुकाने उघडली. पहिलं नाव शालन पेडणेकर. त्याच्या शेजारी ती बारीकशी खूण. खुणेभोवती हिरव्या पेन्सिलीचा गोल, आणि समासात सरांचं अक्षर : 'हे आवश्यक आहे का?'

मी आत जाऊन पेन्सिल शोधली. त्याच्याखाली लिहिलं, 'नाही, सर.' आणि ती प्रत समोरच्या दाराच्या कडीला अडकवून आलो.